रंगाखालचे खळगे

मधपेट्या घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. माझे अठरा हजार गेलेत, वर सहाशे.

साक्री तालुक्यात बियाण्यासाठी अर्धा एकर कांद्याचे डोंगळे लावले होते. गोंडे फुलले, पण माशी फिरकेना. आजूबाजूला फवारण्याच इतक्या, ती येणार कुठून? आणि माशी नाही तर गोंड्यात बी भरत नाही. भाच्याने मोबाइलवरून एकाचा नंबर काढून दिला. सातपुड्याच्या पायथ्याला रिकाम्या पेट्या टांगून सातेरीचे, म्हणजे आपल्या देशी मधमाशीचे, थवे धरतो म्हणे, पोळं धरणाऱ्या चौकटींसकट पेटी साडेचार हजाराला. चार सांगितल्या.

गडी दिवस मावळल्यावर आला. दाराशी माश्या गच्च, कान लावला तर आत घुंऽऽ. म्हटलं, एखादी उघडून दाखव. "आते नको आप्पा, रातले चावतीन. जंगलनी माशी शे, तिले रोगबिग काई नई." मी पैसे मोजले. बायको म्हणत होती, सकाळी बघून द्या. ते ती अजून ऐकवते.

बाराव्या दिवशी एका पेटीची ये-जा बंद पडली. झाकण काढलं तर कुबट वास. पोळ्यावर पांढरी जाळी, तळाला मिरपुडीसारखी काळी घाण. पोळं मोडलं तर मेणातून बोगदे पाडत चाललेल्या पांढुरक्या अळ्या. मेणकिडा. बाकीच्या पेट्यांतही सुरुवात झालेलीच. फोन केला तर म्हणाला, औषध पाठवतो, सहाशे लागतील. पुडी आली, डांबरगोळ्यांचा चुरा! वासावरून कळलं, तरी दोन पेट्यांत टाकला. अडला नारायण, दुसरं काय. दुसऱ्या दुपारपर्यंत दोन्हीतल्या माश्या पेट्या सोडून गेल्या.

पुढचं एका जुन्या मधपाळाने समजावलं. थवा यावा म्हणून टांगलेल्या पेटीत जुनं काळं पोळं ठेवतात, आणि मेणकिड्याला नेमकं तेच आवडतं. वसाहत जोमात असेल तर कामकरी माश्या अळ्या ओढून बाहेर फेकतात. पण नुकत्या धरलेल्या थव्यात पिल्लं नसतात, असतात त्या सगळ्या मोठ्या माश्या. म्हणून पेटी आठवडाभर भरलेली दिसते. जुन्या माश्या मरत जातात आणि अंड्यातून नवी कामकरी बाहेर पडायला जवळपास तीन आठवडे लागतात. मधल्या काळात किड्याचं फावतं.

त्यानेच रिकाम्या पेटीचा आतला रंग खरवडून दाखवला. खाली होडीच्या आकाराचे खळगे, रंगाऱ्याची लांबी (पुट्टी) भरून बुजवलेले. कोष करताना अळी लाकूड असंच कोरते. म्हणजे पेट्या आधीच किडलेल्या, आणि विकणाऱ्याला पक्कं ठाऊक!

तेव्हा पेटी दिवसाउजेडी उघडायला लावा. चौकट उन्हाकडे धरा. पोळ्यातल्या घरांच्या तळाशी एकेक बारीक पांढरं अंडं दिसलं तर राणी आहे. आतल्या फळीवरून नख फिरवा, आणि नव्या रंगाची पेटी असेल तर दोनदा. तो "चावतील" म्हणाला तर पेटी त्याच्याच गाडीत राहू द्या.

माझी चौथी पेटी वाचली. किडकी पोळी कापून जाळली, माश्या स्वच्छ पेटीत दोनच चौकटींवर दाटीने बसवल्या, दार बारीक केलं. कापलेल्यातला एक बरा तुकडा दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग परत दिला. आईस्क्रीमशेजारी, घरात त्यावरूनही झालं.

पैसे मागितले तर त्याचं उत्तर तयार होतं: "जितराब शे आप्पा, त्यानी ग्यारंटी कोन देई?"