ईलॅन: अहिराणीवरच्या क्वालिफाइंग पेपरसाठी कितपत कामाचं?

भाषाविज्ञानात पीएचडी करताना अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत प्रबंधाआधी क्वालिफाइंग पेपर लिहावा लागतो. अनेक ठिकाणी असे दोन लिहावे लागतात, तेही वेगवेगळ्या शाखांतले: एक ध्वनिविचारातला असेल तर दुसरा वाक्यविचारातला किंवा अर्थविचारातला. दर्जा छापण्याजोगा हवा आणि समितीपुढे तोंडी मांडणीही करावी लागते. आपल्याकडे या नावाचा टप्पा नाही. यूजीसीच्या 2022च्या नियमांप्रमाणे किमान 12 क्रेडिटचं कोर्सवर्क, संशोधनाचा आराखडा आणि दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडणं, असा रस्ता आहे. अहिराणीवर काम करणाऱ्याला मात्र दोन्हीकडे एकच प्रश्न येतो: हे वाक्य कोण बोललं, कुठे बोललं आणि ते ऐकवता येईल का?

या प्रश्नाला उत्तर देता यावं म्हणूनच ईलॅन हे सॉफ्टवेअर वापरायचं. नेदरलँड्समधल्या नाइमेखन इथल्या मॅक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेनं ते बनवलंय. ते फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ध्वनिफितीच्या लाटेखाली थरांवर थर लावायचे, म्हणजे वाक्य, शब्द, रूपिम (शब्दातला अर्थ असलेला सर्वांत लहान तुकडा), अर्थ, भाषांतर, आणि प्रत्येक थर सेकंदाशी बांधलेला. पेपरात उदाहरणापुढे फाइलचं नाव आणि 02:14 एवढं लिहिलं की परीक्षक ते वाक्य स्वतः ऐकू शकतो.

आधी रेकॉर्डिंगबद्दल, कारण तिथे चुकलं तर पुढचं सगळं फुकट. ईलॅनला लाट दाखवायला वॅव्ह फाइल लागते. 48 किलोहर्ट्झ, 16 बिट, मोनो ठेवलं तर तासाला सुमारे 345 एमबी होतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला आवाज दाबलेला असतो, तो नंतर वॅव्ह केला तरी गेलेली माहिती परत येत नाही. खान्देशात खरी अडचण पंख्याची. मे महिन्यात दुपारी पंखा बंद करा म्हणणं माणुसकीला धरून नाही आणि चालू ठेवला तर स, श आणि ह यांच्यावर त्याची घरघर बसते. म्हणून पहाटे किंवा सकाळी लवकर, गिरणी सुरू व्हायच्या आत रेकॉर्डिंग उरकावं. संमती फितीच्या सुरुवातीलाच तोंडी घ्यावी आणि गाव व तालुका नोंदवावा. नुसतं ‘खान्देशी’ लिहून भागत नाही: भाषांच्या आयएसओ यादीतही अहिराणी आणि खान्देशी यांना वेगवेगळे संकेत आहेत, आणि यावल-रावेरकडची लेवा गणबोली हा तर निराळाच विषय.

आता ईलॅनची सगळ्यात मोठी गोम. थरांची रचना काम सुरू करायच्या आधी ठरवावी लागते. प्रत्येक थराला एक प्रकार द्यावा लागतो आणि नवखा माणूस हमखास इथेच अडकतो. भाषांतराचा थर सिम्बॉलिक असोसिएशन ठेवायचा, म्हणजे एका वाक्याला एकच भाषांतर. शब्द आणि रूपिमांचे थर सिम्बॉलिक सबडिव्हिजन, म्हणजे क्रम राहतो, पण वेळ वाक्याचीच. नाव बरं वाटतं म्हणून शब्दांसाठी टाइम सबडिव्हिजन निवडलं, तर प्रत्येक शब्दाची हद्द लाटेवर हातानं ओढत बसावं लागतं. शब्दांचा कालावधी मोजायचाच असेल तरच ते करावं. चुकलेली रचना नंतर बदलता येते, पण थराचा पालक, म्हणजे तो ज्या थराखाली लावलाय तो, बदलला की नवा थर तयार होतो, जुना तसाच पडून राहतो आणि दोन्हींत गोंधळ होतो. त्यामुळे पाच मिनिटांच्या एका फितीवर सगळे थर करून पाहावेत, समाधान झालं की साचा म्हणून जतन करावेत आणि पुढच्या प्रत्येक फाइलला तोच साचा लावावा. दोन माणसं बोलत असतील तर प्रत्येकाचे थर वेगळे. ओट्यावरच्या गप्पांत माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलतात आणि ईलॅन ते नीट पेलतं, ही त्याची जमेची मोठी बाजू.

काम तीन फेऱ्यांत करावं. सेगमेंटेशन मोडमध्ये फीत चालू ठेवून एंटर दाबत वाक्यांचे तुकडे पाडायचे, लिहायचं काहीच नाही. मग ट्रान्स्क्रिप्शन मोडमध्ये टॅबनं तुकडा ऐकायचा, लिहायचा, एंटरनं पुढच्यावर जायचं. इथला वेग खरोखर सुखावणारा आहे. शेवटी टोकनाइझ केलं की वाक्याचे शब्द रिकाम्या जागेवरून आपोआप सुटे होतात. एवढं असूनही बोललेल्या एका मिनिटाला, अर्थ आणि रूपिम धरून, तासभर लागेल असं मानूनच वेळापत्रक करावं. पेपरासाठी तीन तासांची कच्ची फीत गोळा करण्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं पूर्ण उलगडलेली असणं कधीही चांगलं.

देवनागरीशी ईलॅनचं वैर नाही, पण देवनागरी स्वतः दोन सापळे लावते. पहिला ‘ऱ्हायना’ या शब्दात आहे. ‘काय करी ऱ्हायना’ (काय करतोय) असं अहिराणीत पावलोपावली येतं. यातला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. शोध मात्र एकच प्रकार सापडवतो, आणि चालू क्रियारूपांची मोजणी निम्म्यावर येऊनही कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच एक कीबोर्ड ठरवावा आणि गटातल्या सगळ्यांनी तोच वापरावा. डीटीपीवाल्याकडून आणलेला जुन्या फॉन्टातला मजकूर तर ईलॅनमध्ये चिकटवूच नये. युनिकोड नसेल तर नुसती कचकच दिसते.

दुसरा सापळा जास्त खोल आहे. ‘मना आंडोर गावले गया’ (माझा मुलगा गावाला गेला) या वाक्यात गाव-ले असं तोडायला काही अडचण नाही, ‘ले’ सुटा अक्षर म्हणून उभा आहे. पण ‘तो करस’ (तो करतो) मधला ‘करस’ कुठे तोडणार? कर-स लिहिलं तर प्रत्यय ‘स’ आहे असा निकाल तुम्ही देऊन मोकळे झालात. प्रत्यय ‘अस’ असेल, तर ती फट र या अक्षराच्या पोटात पडते आणि देवनागरीत ती दाखवायला जागाच नाही. ‘जास’, ‘देस’ पाहिलं की ‘स’ बरोबर वाटतं, मग ‘करस’ मधल्या अकाराचं काय, तो धातूचा, प्रत्ययाचा की मधे भरलेला? ध्वनिविचारातला पूर्ण क्वालिफाइंग पेपर या एका प्रश्नावर उभा राहू शकतो, आणि लिपीनं तो न विचारताच सोडवून टाकलेला असतो. उपाय सोपा आहे: बोलल्याप्रमाणे देवनागरीचा एक थर ठेवा, आणि रूपिमांचा थर आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत करा. थरागणिक फॉन्ट वेगळा देता येतो, ध्वनिलिपीला कॅरिस आणि देवनागरीला नोटो ठेवला की अक्षरं तुटत नाहीत.

अर्थाच्या थरात लिहायच्या व्याकरणाच्या संक्षेपांसाठी नियंत्रित शब्दसूची, म्हणजे ठरलेल्या पर्यायांची यादी, करून ती थराच्या प्रकाराला जोडून टाका. नाहीतर षष्ठी एकदा ‘षष्ठी’, एकदा ‘षष्.’, एकदा ‘संबंध’ अशी पडते आणि मोजणीच्या दिवशी रडायची पाळी येते.

काही गोष्टी ईलॅननं खरंच सुधारायला हव्यात. आपोआप जतन मुळात बंद असतं. फाइल मेन्यूतल्या ऑटोमॅटिक बॅकअपमध्ये जाऊन ते पाच मिनिटांवर ठेवणं ही बसवल्यानंतरची पहिली कृती असावी, कारण गावात वीज विचारून जात नाही. आवाज ईलॅनच्या फाइलमध्ये साठत नाही, फक्त त्याचा पत्ता साठतो. मार्गदर्शकाला नुसती ईलॅनची फाइल मेल केली तर त्यांच्याकडे मुकी फीत उघडते. दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवून फोल्डरच पाठवावं, नावं रोमन अक्षरांत आणि मधे जागा न सोडता द्यावीत. थरांतला मजकूर तक्ता म्हणून बाहेर काढला आणि थेट एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडला तर देवनागरीचा चिखल होतो. डेटा मेन्यूतून आयात करून यूटीएफ-8 निवडलं की सगळं जागेवर येतं.

शब्दकोश वाढवत नेऊन रूपिम आपोआप सुचवणं हे फ्लेक्स नावाचं दुसरं सॉफ्टवेअर जास्त चांगलं करतं, पण ते मॅकवर चालत नाही. आणि पेपर फक्त स्वरांच्या गुणांवर किंवा सुरावटीवर असेल तर ईलॅनच्या वाटेला जायचं कारणच नाही. ते फॉर्मंट, म्हणजे स्वराची ओळख ठरवणाऱ्या वारंवारता, मोजत नाही. सरळ प्राट हे ध्वनी मोजायचं सॉफ्टवेअर उघडावं, आणि ईलॅनमध्ये आधीच तुकडे पाडलेले असतील तर ते टेक्स्टग्रिड या प्राटच्या फाइलप्रकारात तिकडे नेता येतात.