साडेतीनशेचा टायमर आणि टाकीतलं शेवाळ: आठ महिन्यांनंतर

आमची माशांची टाकी दोन फुटी, साधारण 60 लिटरची. आत पाण्यातली झाडं: पुढे अनुबियास आणि जावा फर्न, मागे व्हॅलिसनेरिया. झाडांच्या वाढीसाठी पाण्यात सोडतात तो सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर नाही. डिसेंबरात अनुबियासच्या पानांच्या कडांना काळे, मऊ झुपके फुटले. ब्लॅक बियर्ड शेवाळ म्हणतात ते, आणि खरंच दाढीच ती. नखाने ओढलं तर पान फाटतं, दाढी तशीच.

आधी लिक्विड कार्बनची, म्हणजे टाकीच्या पाण्यात घालायच्या औषधाची, बाटली आणली. दाढी जरा गुलाबी पडली, म्हणजे मरायला लागली, म्हणून मी खूश. पंधरा दिवसांत व्हॅलिसनेरियाची पानं उकडलेल्या कांद्यासारखी पारदर्शक होऊन विरघळली. त्या बाटलीत ग्लुटारल्डिहाइड हे रसायन असतं आणि व्हॅलिसनेरियाला ते सोसत नाही, हे मला नंतर कळलं.

मग कधी नव्हे तो लाइटचा हिशेब केला. सासरे सकाळी सातला देवापुढे दिवा लावला की पाठोपाठ टाकीचाही लावायचे. बंद करायची मी, रात्री अकराला. म्हणजे 16 तास! सीओटूशिवाय झाडं हळूच वाढणार. एवढ्या उजेडाचं ती करणार काय? शेवाळाची मात्र चंगळ.

म्हणून जानेवारीत हा गोल चकतीचा टायमर घेतला. कडेला 96 पिना, एक पिन म्हणजे पाव तास. दुपारी 2 ते रात्री 9 एवढ्याच दाबल्या, म्हणजे लाइट तेवढाच वेळ. त्याच दिवशी फिल्टर बंद करून, इंजेक्शनच्या सिरिंजने मेडिकलमधलं 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड झुपक्यांवर थोडं थोडं सोडलं. बुडबुडे आले, दोन-तीन दिवसांत झुपके गुलाबी, मग पांढरे. फार माखलेली पानं सरळ कापली. दर रविवारी दोन बादल्या पाणी बदलते आणि माशांचं खाणं एकवेळ केलंय, तेव्हा सगळं श्रेय टायमरला देणार नाही. पण पेरॉक्साइड त्यानंतर एकदाही लागलं नाही. मार्चपासून आलेली पानं कोरी आहेत.

आता तक्रारी. रात्री हॉल शांत झाला की बारीक गुणगुण ऐकू येते. बाजूचं छोटं बटण पुसताना सरकलं तर लाइट कायमचा चालू राहतो. माझा एकदा दोन दिवस राहिला. आणि मुख्य म्हणजे वीज गेली की चकती जागच्या जागी थांबते. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे सांगायला नको. एका गुरुवारी सकाळी 9 ते दुपारी 3 गेली. रात्री दोनला पाणी प्यायला उठले तर हॉल हिरवागार उजळलेला, नियॉन टेट्रा मासे भर मध्यरात्री फिरतायत. तास सातच भरले होते, सहा तास पुढे सरकून. शेवाळाला फरक पडला नाही, पण आता गुरुवारी संध्याकाळी चकती फिरवून घड्याळाशी जुळवणं हे माझं ठरलेलं काम.

तुमच्याकडे वीज वारंवार जात असेल तर आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या. इन्व्हर्टरवर टाकी असेल तर हाच पुरे. समोरच्या काचेवर हिरवे ठिपके अजून येतात, ते जुन्या एटीएम कार्डाने खरवडते. मागची काच गोगलगाईंना सोडलीय. सासऱ्यांनी महिनाभर कुरकुर केली. आता दुपारी दोनला बरोबर टाकीसमोर खुर्ची टाकून बसतात, लाइट लागायची वाट बघत.