‘द लॉस्ट फाइल्स’च्या पूर्वकथा : आठ महिन्यांत दोनदा वाचल्यानंतर

पहिल्या वेळी मी ‘लोरियन लेगसीज’ या कादंबरीमालिकेच्या या पूर्वकथा कथानकातील काळाच्या क्रमाने वाचल्या, आणि ती माझी चूक होती. दुसऱ्या वेळी त्याच कथा प्रकाशनाच्या क्रमाने, मुख्य कादंबऱ्यांच्या मधल्या जागांत वाचल्या, तेव्हा त्या मला खऱ्या अर्थाने उमगल्या. या दोन वाचनांना मिळून आठ महिने लागले. पुढे कथानकातील महत्त्वाच्या घटनांचा उघड उल्लेख आहे, हे मालिका अजून न वाचलेल्यांनी ध्यानात घ्यावे.

‘लोरियन लेगसीज’ ही पिटाकस लोर या टोपणनावाने लिहिलेली, युवा वाचकांसाठीची मालिका. २०१० मध्ये ‘आय अ‍ॅम नंबर फोर’ या कादंबरीने ती सुरू झाली आणि २०१६ मध्ये सातव्या कादंबरीने संपली. मोगाडोरियन आक्रमकांनी लोरियन ग्रह उद्ध्वस्त केल्यावर तेथील नऊ मुले पृथ्वीवर लपून वाढतात. प्रत्येकाबरोबर एक सेपान असतो, म्हणजे पालकही आणि गुरूही. मुले वयात येऊ लागली की त्यांच्यात अतिमानवी शक्ती प्रकटतात आणि त्यांनाच ‘लेगसी’ म्हटले जाते. या मुलांवर एक संरक्षक मंत्र आहे, ज्यामुळे त्यांना केवळ क्रमांकानुसारच मारता येते, आणि एकाचा मृत्यू झाला की उरलेल्या सर्वांच्या घोट्यावर एक व्रण उमटतो. ‘द लॉस्ट फाइल्स’ या नावाखाली आलेल्या लघुकादंबऱ्या या मालिकेच्या मागील आणि बाजूच्या गोष्टी सांगतात. त्यांपैकी पहिल्या तीन २०१२ मध्ये ‘द लेगसीज’ या एकाच पुस्तकात एकत्र आल्या.

पूर्वकथेची मूळ अडचण अशी की शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो, आणि या मालिकेत तर क्रमांकाच्या नियमामुळे ती दुप्पट होते. चौथा जिवंत आहे तोवर सहावी मरणार नाही, हे पहिल्या पानावरच माहीत असेल तर धाकधूक कशाची वाटावी? ‘सिक्सेज लेगसी’ने या प्रश्नाला दिलेले उत्तर मला फार समर्थ वाटले. सिक्स, म्हणजे हीच सहावी मुलगी, शत्रूच्या हाती सापडते. तिच्यावर केलेला प्राणघातक वार उलटून वार करणाऱ्यालाच लागतो, म्हणजे मंत्र आपले काम चोख बजावतो. पण तिची सेपान कॅटरिना हिच्यावर असा कोणताच मंत्र नाही. ज्या नियमाने मुलीचे रक्षण होते, त्याच नियमामुळे छळाचे सारे ओझे तिला वाढवणाऱ्या स्त्रीवर येऊन पडते. मुख्य कादंबऱ्या वाचताना हा मंत्र मला केवळ खेळाच्या नियमासारखा वाटला होता. त्याची किंमत कोण मोजते, हे या छोट्या कथेने दाखवले. पहिल्या कादंबरीत सिक्स एकटीच लढाईत उतरते, तेव्हाचा तिचा कठोरपणा मला आता निव्वळ धाडस म्हणून वाचता येत नाही.

‘नाइन्स लेगसी’ २०१२ मध्ये आली. तिचा साचा बराचसा तसाच आहे आणि म्हणून ती थोडी कमी पडते. शिकागोतील उंच इमारतीच्या माथ्यावरचे नाइन, म्हणजे नववा मुलगा, आणि त्याचा सेपान सँडोर यांचे सुखवस्तू जीवन वाचायला रंजक आहे, परंतु मॅडी या मुलीभोवतीचा भाग घाईने उरकल्यासारखा वाटतो. शेवट मात्र विसरता येत नाही. बंदिवासात सँडोरच्या यातना संपवण्यासाठी नाइनला स्वतःच्या हाताने त्याचा जीव घ्यावा लागतो. नाइनचा उर्मटपणा आणि सतत झुंजायला तयार असणे मला मुख्य मालिकेत पुष्कळदा खटकले होते, पण ही कथा वाचल्यावर मी त्याच्याशी अधिक सबुरीने वागू लागले, असेच म्हणावे लागेल.

या संग्रहातील सर्वांत मोलाची कथा माझ्या मते ‘द फॉलन लेगसीज’ ही आहे, आणि तिच्याविषयी मी थोडे अधिक लिहिणार आहे. तिचा निवेदक अ‍ॅडॅमस हा मोगाडोरियन सेनापतीचा मुलगा आहे. एका यंत्राच्या साहाय्याने त्याला मृत नंबर वनच्या आठवणींशी जोडले जाते आणि तीन वर्षे तो बेशुद्धावस्थेत तिचे आयुष्य जगतो. शत्रूचा माग काढण्यासाठी केलेल्या या प्रयोगातून तो जागा होतो तो शत्रूविषयीची माया मनात घेऊनच. पहिल्या तिघांचे मृत्यू आपल्याला या मुलाच्या नजरेतून, म्हणजे मारणाऱ्यांच्या गोटातून दिसतात. ‘आय अ‍ॅम नंबर फोर’च्या प्रारंभी नंबर थ्रीचा मृत्यू येतो, आणि तेथे तो मुलगा म्हणजे जवळजवळ केवळ एक आकडा असतो. त्याच मृत्यूकडे येताना येथे त्याला हनू हे नाव असते, केनियातील दिवस असतात, आणि त्याला वाचवू पाहणारा पण वाचवू न शकणारा एक साक्षीदार असतो. दुसऱ्या वाचनात ही कथा संपवून मी पहिल्या कादंबरीची ती सुरुवातीची पाने पुन्हा उघडली, आणि पूर्वी भराभर उलटलेली तीच पाने वाचताना मला मध्येच थांबावे लागले.

एक तक्रार नोंदवणे आवश्यक आहे. अ‍ॅडॅमस पुढे मुख्य कादंबऱ्यांत महत्त्वाचे पात्र म्हणून येतो, परंतु त्याच्या मनाचा सारा प्रवास या लघुकादंबऱ्यांतच घडलेला असतो. केवळ मुख्य पुस्तके वाचणाऱ्याला तो अचानक उगवल्यासारखा वाटेल आणि त्याच्यावर इतरांनी टाकलेला विश्वासही घाईचा वाटेल. पूर्वकथेने मूळ कथा समृद्ध करावी हे योग्यच. पण मूळ कथेचा एखादा खांबच पूर्वकथेत ठेवणे हा त्या वाचकावर अन्याय आहे.

आता क्रमाविषयी. ‘द लास्ट डेज ऑफ लोरियन’ ही २०१३ मधील कथा काळाने सर्वांत आधीची असल्यामुळे पहिल्या वेळी मी तिच्यापासूनच सुरुवात केली होती. ग्रहाच्या विध्वंसापूर्वीचा तरुण सँडोर तिचा निवेदक आहे. नियम मोडणारा, कंटाळलेला, सुखासीन जगातील हा मुलगा मला तेव्हा अगदीच सामान्य वाटला आणि त्याच्या उनाडक्यांची पाने मी चाळून सोडून दिली. दुसऱ्या वेळी मी ती ‘नाइन्स लेगसी’नंतर, तिच्या प्रकाशनाच्या जागी वाचली. हा बेफिकीर मुलगा पुढे कोणाचा सेपान होणार आहे आणि अखेरीस कोणाच्या हातून त्याची सुटका होणार आहे, हे मला आता ठाऊक होते. मग त्याच उनाडक्यांतील एकही पान मला चाळून पुढे जाता आले नाही.