नागपूरचा माल न्हावाशेवाला: समृद्धीने की रेल्वेने?

बुटीबोरी-हिंगण्याच्या लघुउद्योजकांना हा प्रश्न हमखास पडतो: निर्यातीचा कंटेनर न्हावाशेवा बंदराला ट्रकने धाडायचा की रेल्वेने?

आधी वेळ. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. 5 जून 2025 पासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला. ताशी 80 च्या मर्यादेत जड वाहनाला नऊ तास तरी लागतातच. खरी रखडपट्टी आमणेच्या पुढे, शीळफाटा-कळंबोलीच्या कोंडीत. बंदराचं गेट बंद व्हायच्या, म्हणजे तुमच्या जहाजासाठी कंटेनर घेणं थांबायच्या, आधी अर्धा दिवस हाताशी ठेवाच. रेल्वेची गाडी निघते रेक भरल्यावर, म्हणजे 45 वॅगन, 20 फुटी 90 पेट्या (कंटेनर). तोवर माल नागपूरच्या कंटेनर डेपोत थांबतो.

जड मालाला रेल्वेचं भाडं परवडतं, पण कारखान्यापासून डेपोपर्यंतचा ट्रेलर आणि चढउताराचे पैसे हिशेबात धरा. कस्टमचं काम नागपुरातच उरकतं, ही मोठी सोय.

रस्त्यावर जपायचं ते टायरला. मे महिन्यात तापलेल्या काँक्रीटवर सलग धावताना कमी हवेचा टायर फुटतो. टायर थंड असतानाच हवा तपासा. गरम झाल्यावर वाढलेली हवा सोडू नका.

तांदूळ, पोलाद असा जड आणि नियमित माल असेल तर रेल्वे. संत्र्यासारखा नाशवंत माल किंवा घाईची एखाद-दुसरी पेटी असेल तर समृद्धीच.