डिलिव्हरी रायडरचं काम, पुणे: संध्याकाळपुरतं परवडतं, दिवसभरासाठी महाग

पुण्यात हे काम मिळायला फार तर दोन दिवस लागतात. आधार, पॅन, लायसन्स, आरसी, चालू विमा, पीयूसी, बँक खातं आणि एक सेल्फी ॲपवर टाकायचा, बॅग-टीशर्टचे पैसे भरायचे (बरेचदा ते पहिल्या काही आठवड्यांच्या कमाईतून हप्त्याने कापतात) आणि आयडी चालू. मुलाखत नाही, ओळख नाही, ‘अनुभव किती’ नाही. इतक्या सहज मिळणारं दुसरं काम शहरात शोधूनही सापडत नाही, आणि लोक ते निवडतात यामागचं निम्मं कारण हेच आहे.

उरलेलं निम्मं कारण समजायला आधी माणूस काय करत होता ते पाहावं लागतं. चाकणच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडून लागलेल्या पोराला बारा तासांची शिफ्ट असते, पगार पुढच्या महिन्याच्या दहा-बारा तारखेला होतो आणि सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो, म्हणजे कामावरून कमी करतात. त्याला दर आठवड्याला खात्यात पैसे येणं हीच मोठी गोष्ट वाटते. सदाशिव-नारायण पेठेतल्या अभ्यासिकेत दिवसभर बसणाऱ्या एमपीएससीवाल्याला संध्याकाळचे चार तास विकायचे असतात आणि मुख्य परीक्षेआधी दोन महिने ॲप बंद ठेवायचं असतं. लातूर-बीडकडच्या रायडरला पेरणीला, बहिणीच्या लग्नाला, बापाला दवाखान्यात न्यायला गावी जायचं असतं, आणि त्यासाठी सुपरवायझरपुढे उभं राहायचं नसतं. ही मोकळीक खरी आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. फक्त ती येण्या-जाण्याची मोकळीक आहे. पैसे कोणत्या तासाला मिळतील हे वेळापत्रक ॲप ठरवतं, आणि परीक्षण करायचं ते या वेळापत्रकाचं.

एक ऑर्डर जवळून पाहू. रात्री सव्वाआठ. तुम्ही डेक्कनला, पिकअप फर्ग्युसन रस्त्यावर, ड्रॉप कोथरूडला. पिकअपपर्यंत दीड-पावणेदोन किलोमीटर. गाडी लावायला जागा नाही, दुहेरी पार्किंग केलं तर टो. काउंटरवर ऑर्डर ‘रेडी’ दाखवतेय, पण हंडी अजून गॅसवर आहे. बरीच हॉटेलं स्वतःची वेळ चांगली दिसावी म्हणून पदार्थ व्हायच्या आधीच ते बटण दाबतात. पंधरा मिनिटं गेली. मग चार-साडेचार किलोमीटर, सोसायटीच्या गेटवर नोंद, सर्व्हिस लिफ्टची वाट, सातवा मजला, ओटीपी, खाली. पंचेचाळीस मिनिटं झाली. पैसे मुख्यतः पिकअप ते ड्रॉप या अंतराचे. पिकअपपर्यंतच्या अंतराचा दर बहुधा कमी, हॉटेलातल्या थांबण्याचे नाममात्र किंवा शून्य, आणि कोथरूडहून गर्दीच्या भागात परत येण्याचे काहीच नाहीत. मुंबईच्या डबेवाल्याला रिकामा डबा परत नेणं हाही कामाचाच भाग असतो. इथे परतीची फेरी रायडरच्या पेट्रोलवर.

आता हिशेब मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, आपापले घालून बघावेत. दहा तास, २० ऑर्डरी, सरासरी ३८ रुपये: ७६०. इन्सेन्टिव्ह (टार्गेट गाठल्याचे जादा पैसे) २००. एकूण ९६०. फेरे ११० किलोमीटर. गिअरलेस स्कूटर गर्दीत लिटरला ४५ देते, पेट्रोल १०४ धरलं तर २५४ रुपये गेले. हातात ७०६, महिन्याच्या २६ दिवसांचे १८ हजारांवर. बहुतेकांचा हिशेब इथे संपतो, आणि चूक इथेच होते.

महिन्याला गाडी २,८०० किलोमीटरच्या पुढे पळते. म्हणजे ऑइल जवळजवळ दर महिन्याला. मागचा टायर १२-१५ हजार किलोमीटरला, म्हणजे पाच महिन्यांत गेला. सीव्हीटीचा (स्कूटरच्या गिअरलेस यंत्रणेचा) बेल्ट २०-२४ हजारांना, म्हणजे सात-आठ महिन्यांनी. ब्रेक शू, क्लच शू, एअर फिल्टर, बेअरिंग वेगळे. वर ९० हजारांची नवी स्कूटर ७० हजार किलोमीटर पळाल्यावर १५ हजारांना जाते, म्हणजे किलोमीटरमागे रुपयाहून जास्त नुसती किंमत उतरते. सगळं मिळून किलोमीटरला दीड रुपया धरा, तोही कंजूषपणे: दिवसाला १६५. मोबाईल रिचार्ज-पॉवरबँकचे १५. उरले ५२६, महिन्याचे साडेतेरा हजारांच्या आसपास, तासाला ५२-५३ रुपये. पीएफ नाही, ईएसआय नाही. झिजेचे महिन्याचे ते चार हजार लगेच जात नाहीत म्हणून कमाई वाटतात. वर्षा-दीड वर्षाने इंजिनचं काम निघालं की एकदम जातात.

तेच फक्त संध्याकाळी साडेसात ते साडेअकरा काम केलं तर? दहा ऑर्डरींचे ३८०, इन्सेन्टिव्ह ८०, फेरे ५०. पेट्रोल ११६, झीज ७५. उरले २६९, म्हणजे तासाला ६७. दुपारी तीन ते सहा कट्ट्यावर बसून राहण्याचे तास वगळले की दर आपोआप वाढतो. म्हणून शीर्षकात जे म्हटलंय ते. विद्यार्थी, दिवसा दुसरी नोकरी असलेला, दोन कामांमधल्या रिकाम्या महिन्यातला माणूस, यांच्यासाठी हे काम चांगलं. यावरच घर चालवणाऱ्याला मोकळीक हळूहळू बारा तासांची होते.

ती होते कशी, तर इन्सेन्टिव्हमुळे. अटी साधारण अशा असतात: इतकी कमाई किंवा इतक्या ऑर्डरी, जेवणाच्या वेळेत इतके तास लॉगिन, नाकारलेल्या ऑर्डरी एक-दोनच्या आत, शनिवार-रविवार पूर्ण. चारांतली एक चुकली की सगळं शून्य, प्रमाणात काही मिळत नाही. रात्री पावणेअकराला १६ पैकी १४ झाल्या असतील तर पुढची सात किलोमीटरची ऑर्डरही घ्यावी लागते, कारण नाकारली तर टार्गेट गेलं. ती बाणेरच्या पलीकडे सोडून तुम्ही अशा झोनमध्ये पोचता जिथे त्या वेळेला ऑर्डर पडत नाही. सोपा नियम: साडेनऊला थांबून मोजा. गेल्या तासाचा वेग धरून टार्गेट गाठता येत नसेल तर ते सोडून द्या, मग लांबच्या ऑर्डरी निर्धास्त नाकारा. इन्सेन्टिव्हचं पान बदलत राहतं, त्यामुळे सोमवारी सकाळी स्क्रीनशॉट काढून ठेवावा. वाद झाला तर सपोर्टला दाखवायला तेवढंच हातात असतं.

गाडीबद्दल दोन शब्द जास्त. फूडसाठी शंभर सीसीची गिअरची बाईक सरस: लिटरला ६० धरलं तर त्याच ११० किलोमीटरला १९० रुपये, महिन्याला सोळाशेची बचत, आणि बेल्टची भानगड नाही, चेन-स्प्रॉकेट मात्र १५-२० हजारांना बदलावं लागतं. किराण्याच्या डिलिव्हरीला स्कूटरच हवी. आट्याची दहा किलोची पिशवी पायाशी ठेवता येते, पाठीवर घेऊन कंबर जाते. पंचवीसच्या आत वेग आणि अडीचशे वॅटच्या आत मोटर असलेल्या भाड्याच्या इलेक्ट्रिक गाडीला लायसन्स लागत नाही, म्हणून नवी पोरं तिकडे वळतात. भाडं सुट्टीच्या दिवशीही चालू असतं हे लक्षात ठेवून आठवड्याचा हिशेब करावा. आणि एक: पेट्रोल बाईकवर मधल्या वेळेत बाईक-टॅक्सीच्या फेऱ्या मारायचा मोह होतो. महाराष्ट्राने २०२५ मध्ये आणलेलं धोरण इलेक्ट्रिक बाईक-टॅक्सीचं आहे. पेट्रोल गाडी पकडली तर मोठा दंड बसू शकतो.

किराणा आणि फूड ही दोन वेगळी कामं आहेत. किराण्यात डार्क स्टोअरपासून (फक्त ऑनलाइन ऑर्डरींसाठीच्या दुकानापासून) अंतर दोन-तीन किलोमीटर, ऑर्डरी जास्त, हॉटेलची वाट नाही. पण स्टोअरबाहेर रांगेत थांबावं लागतं, जिने जास्त, आणि स्लॉट आधी धरावा लागत असल्याने मोकळीक कमी. ई-कॉमर्सच्या पार्सलला मोकळीक जवळजवळ नाहीच: सकाळी हबवर हजेरी, साठ-सत्तर पार्सलं, घरी कोणी नसलं तर परत उद्या.

पावसात दर वाढतो, म्हणून सगळे बाहेर पडतात. सीव्हीटीत पाणी शिरलं की बेल्ट घसरतो: इंजिन ओरडतं, गाडी पुढे जात नाही. अशा वेळी आणखी रेस दिली तर बेल्ट जळतो. बाजूला घेऊन पाच-दहा मिनिटं थांबावं. मोबाईलला प्लास्टिकची पाऊच लावली तरी ओल्या बोटाने स्वाइप होत नाही, रेनकोटच्या आत एक कोरडा रुमाल ठेवायला हवा. मे महिन्यात उलटं, उन्हात होल्डरवरचा फोन तापून चार्जिंग थांबवतो. चांगल्या कॅमेऱ्याचा फोन होल्डरला लावूच नये. सततच्या थरथरीने फोकस बिघडतो. जुना, मोठ्या बॅटरीचा फोन या कामाला उत्तम.

फसवणुकीचे प्रकार ठरलेले आहेत. ‘सपोर्टमधून बोलतोय, ऑर्डर कॅन्सल करायची आहे, आलेला ओटीपी सांगा’ असा फोन आला की तो ओटीपी तुमच्या आयडीच्या लॉगिनचा असतो. पुढच्या मिनिटाला कमाई दुसऱ्याच्या खात्यात. कॅश ऑर्डरचे पैसे ग्राहक तुमच्या स्वतःच्या यूपीआयवर टाकतो म्हणाला तर शक्यतो ॲपचाच क्यूआर दाखवा. कुठल्या तरी सायबर तक्रारीतला पैसा फिरत तुमच्या खात्यात आला तर बँक खातं गोठवते, आणि ते सोडवायला बरेच दिवस जातात. ग्राहकांकडून घेतलेली कॅश साठवू नये, वेळच्या वेळी भरावी. मर्यादा ओलांडली की ऑर्डरी बंद, तेही नेमक्या जेवणाच्या वेळी. ग्राहक फोन उचलत नसेल तर लोकेशनवर पोचूनच ‘पोचलो’ दाबा, ॲपमधून फोन करा, टायमर संपू द्या, आणि चॅटवर लेखी सांगितल्याशिवाय पाकीट वॉचमनकडे ठेवू नका.

दुसऱ्याच्या आयडीवर गाडी चालवणं पुण्या-मुंबईत सर्रास चालतं. आयडीवाल्याला आठवड्याचे ठरलेले पैसे द्यायचे आणि सेल्फी मागितला की त्याला गाठायचं. अपघात झाला तर विमा आयडीवाल्याचा, हाड तुमचं. हा एकच सल्ला सरळ आहे: करू नका.

विमा हा या कामाचा सर्वात कच्चा भाग. प्लॅटफॉर्मचं अपघात संरक्षण बहुधा ऑर्डर चालू असताना किंवा लॉगिन असतानाच लागू असतं. पडलात तर पहिल्या तासात तीन गोष्टी: चालू ऑर्डरचा स्क्रीनशॉट, ॲपमध्ये अपघाताची नोंद, आणि रुग्णालयात ‘रस्ता अपघात’ म्हणून एमएलसी (पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय नोंद). घरगुती औषध लावून दुसऱ्या दिवशी कळवलं की दावा लटकतो. गाडीची स्वतःच्या नुकसानीची पॉलिसी खासगी वापराची असेल तर कमाईच्या वापराचं कारण देऊन विमा कंपनी हात वर करू शकते. पॉलिसी घेताना विचारून, उत्तर लेखी घ्यावं.

कायद्याच्या बाजूने थोडं हललंय. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग (पगारी नोकरीशिवाय कामापुरते पैसे घेणारे) आणि प्लॅटफॉर्म (ॲपमार्फत काम करणारे) कामगारांची व्याख्या पहिल्यांदा आली, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार प्लॅटफॉर्मना वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षा निधीत द्यायची आहे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. राजस्थानने यासाठी २०२३ मध्येच स्वतंत्र कायदा केला होता. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साली देशात ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज आहे आणि २०२९-३० पर्यंत तो २ कोटी ३५ लाखांवर जाईल असं म्हटलंय. तुमच्या हातात आज असलेली गोष्ट म्हणजे ई-श्रम (असंघटित कामगारांसाठीचं केंद्र सरकारचं पोर्टल) नोंदणी: आधारला जोडलेला मोबाईल हवा, पैसे लागत नाहीत. २०२५ च्या अर्थसंकल्पात गिग कामगारांना ई-श्रमवर ओळखपत्र आणि पंतप्रधान जन आरोग्य योजनेतून उपचार देण्याची घोषणा झाली होती, ती याच नोंदणीवर बेतलेली आहे.

काम थांबवताना किंवा महिना-दोन महिने गावी जाताना कॅशची बाकी शून्य करून जा, नाहीतर परत आल्यावर आयडी ब्लॉक सापडतो. आठवड्याच्या पेआउटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. बाईकच्या कर्जाला पगारपत्रक म्हणून फायनान्सवाले तेच बघतात. आणि कमाईतून बहुधा १ टक्का टीडीएस कापलेला असतो. पॅन जोडलेलं नसेल तर तोच २० टक्के. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो परत मागता येतो. अभ्यासिकेतला एखादा बीकॉमवाला ते चहाच्या बदल्यात भरून देईल.