बांधीतला खेकडा की समुद्राच्या तिसऱ्या?

पावसाळा लागला की नागपुरात बांधीतले, म्हणजे धानाच्या शेतातले, जिवंत खेकडे मिळतात. तिसऱ्या, म्हणजे समुद्रातले शिंपले, मात्र बर्फात बसून येतात. ताजेपणात खेकडा जिंकला. परजीवींचं गणित निराळं.

गोड्या पाण्यातल्या खेकड्यात पॅरागोनिमस हा फुप्फुसकृमी असू शकतो. गोगलगायीतून खेकड्यात, कच्च्या खेकड्यातून माणसाच्या फुप्फुसात. खोकला, थुंकीत रक्त. मणिपुरात असे रुग्ण क्षयाचे समजले गेले. यावरचं औषध वेगळंच, प्राझिक्वान्टेल. आपण कुठे कच्चा खातो, म्हणाल. पण रश्शासाठी खेकड्याचे पाय वाटून गाळलेलं ते करडं पाणी कच्चंच असतं. त्याच हातानं वर घ्यायचा कांदा चिरला तर? सावजी रस्सा खदखदला की मग कृमीचं काही चालत नाही.

तिसऱ्यांत हा कृमी नसतो. त्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे सांडपाण्यातले जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम हे सूक्ष्म परजीवी त्यांच्यात साचतात. त्रास बहुधा जुलाबांचा. शिंपले उघडले की लगेच गॅस बंद करू नका, पुढे ३ ते ५ मिनिटं उकळू द्या.

माझं मत खेकड्यालाच. कांदा तेवढा आधी चिरून ठेवते.