वाचनालयाची दिवाळी अंक योजना : दिवाळी ते होळी, वापरून झाल्यावर

डोंबिवलीतल्या आमच्या भागात एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. त्यांची दिवाळी अंक योजना यंदा आम्ही पहिल्यांदाच घेतली. मुदत आता संपत आली आहे आणि ओळखीतले बरेच जण ‘घ्यावी का?’ म्हणून विचारतात, तेव्हा एकदा सविस्तरच लिहिते. घाईत असाल तर उत्तर आधीच देते : घ्या, आणि नक्की घ्या. योजना स्वस्त पडते हे खरंच आहे, पण मी सांगतेय ते त्यासाठी नाही. दुकानात ज्या अंकांना आपण हातही लावत नाही, ते अंक या योजनेमुळे घरी येतात. आमचं यंदाचं सगळ्यात सकस वाचन त्याच अंकांतलं होतं.

ज्यांनी कधी घेतली नाही त्यांच्यासाठी आधी व्यवहार सांगते. दिवाळीच्या सुमारास बरीच वाचनालयं फक्त दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी घेतात. आमच्याकडे नेहमीचं सभासदत्व असायलाच हवं असं नाही. थोडी अनामत ठेवायची, ती शेवटी परत मिळते, आणि वर्गणी भरायची. वर्गणी एका जाडजूड अंकाच्या किमतीपेक्षा थोडीशीच जास्त होती. मोठ्या अंकांच्या किमती आता दोनशे ते चारशेच्या घरात गेल्या आहेत, तेव्हा हिशेब ज्याचा त्याने करावा. एका वेळी दोन अंक मिळतात. वाचून झाले की बदलायचे. रोज बदललेत तरी कुणी अडवत नाही, मात्र फार दिवस ठेवलेत तर दंड लागतो. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. काही वाचनालयं एकच अंक देतात, काही ज्येष्ठांना घरपोच देतात. भरण्याआधी विचारून घ्यावं.

2025 ची दिवाळी ऑक्टोबरातच आली. वसुबारस 17 तारखेला, आणि 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन तिला अगदी लागून. डॉ. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस 2015 पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. आमच्या वाचनालयाने त्याच दिवशी मागच्या वर्षीचे अंक टेबलांवर मांडले आणि नव्या योजनेची नावनोंदणी सुरू केली. कल्पना फार चांगली होती. शाळेतून मुलांना घेऊन आलेले पालक अंक चाळत उभे राहिले, चाळता चाळता कितीतरी जणांनी नावं दिली. आम्ही त्यांतलेच.

आमच्या घरी पूर्वीपासून ठरलेले अंक यायचे : आप्पांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी ‘मौज’, सगळ्यांसाठी ‘आवाज’ आणि मुलीसाठी ‘किशोर’. एवढे झाले की दिवाळीचं वाचन झालं, असंच वाटायचं. प्रत्यक्षात दर वर्षी शेकडो दिवाळी अंक निघतात. त्यांतले किती आपल्या घरापर्यंत पोचतात? आपण विकत घेतो ते नावावर विश्वास ठेवून घेतो. पैसे मोजायचे असले की माणूस अनोळखी नावाच्या वाटेला सहसा जात नाही, आणि त्यात चूक काही नाही.

योजनेत पहिले काही आठवडे मात्र नेमकी हीच नावं मिळत नाहीत. भाऊबीज झाली की काउंटरवर झुंबड उडते आणि सगळ्यांना तेच चार-पाच अंक हवे असतात. लोकप्रिय अंकाच्या दोन किंवा तीन प्रती, आणि मागणारे शंभर. मी ‘दीपावली’ मागितला तर बाहेर गेलेला, ‘हंस’ मागितला तर तोही बाहेर. काउंटरवरच्या ताईंनी मागच्या फळीवरून एक बारका अंक काढला आणि म्हणाल्या, “हा न्या. नाही आवडला तर उद्या बदलून देते.”

तो एका जिल्ह्याच्या गावातून निघणारा अंक होता. जाहिराती सगळ्या तिथल्याच : पतसंस्था, सराफ, कृषी सेवा केंद्र, एक मंगल कार्यालय. कागद साधा, मुखपृष्ठ बेताचं. आणि आत ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींच्या शाळेवर एक दीर्घ लेख होता. दिवाळीनंतर गाव रिकामं होतं तेव्हा कोण कुणाकडे राहतं, थोरल्या बहिणीच्या गळ्यात धाकट्यांची जबाबदारी कशी पडते, हजेरीपटावर नाव राहतं आणि मूल फडात असतं, हे लिहिणारीने जवळून पाहिलेलं होतं. आप्पांनी तो लेख वाचला, मग ह्यांनी वाचला, आणि त्या आठवड्यात रोज जेवताना आमच्या घरात त्यावरच बोलणं चाललं. हा अंक मी दुकानात कधीच उचलला नसता. खरं तर आमच्या स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर तो आलाच नव्हता.

पुढे मी ताईंना विचारूनच अंक नेऊ लागले. दोन-चार वेळा गेल्यावर त्यांना कळलं की मला कथांपेक्षा लेख आवडतात, आप्पांना जुन्या नाटकमंडळ्यांवरचं काहीही चालतं, आणि मुलीला भुताखेताचं, रहस्याचं हवं असतं. मग ‘धनंजय’ आला की तो तिच्यासाठी बाजूला राहू लागला. शिल्लक काय आहे ते उद्या मोबाईलवरही दिसेल, पण या माणसाला हे आवडेल ही जाण फक्त ताईंकडे आहे. वर्गणीतला सगळ्यात मोलाचा भाग मला तोच वाटतो.

अंकांच्या अवस्थेबद्दल नीट लिहायला हवं, कारण वापरणाऱ्याच्या हातात तीच येते. जाड अंकांची पाठ नुसती डिंकाने चिकटवलेली असते. दहा हातांतून गेली की पानं सुटतात. म्हणून आमचं वाचनालय नवा अंक आला की दाभणाने कडेला भोकं पाडून दोऱ्याने शिवतं आणि वर प्लास्टिकचं वेष्टन घालतं. याने अंक होळीपर्यंत टिकतो, पण आतला समास शिवणीत जातो. पान सपाट उघडत नाही. डाव्या पानावरच्या ओळींची शेवटची अक्षरं वाचायला अंक दोन्ही हातांनी दाबून धरावा लागतो. लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्यांना हे फार जाचतं. मी शेवटी जाड अंक घरी आणि पातळ अंक गाडीत अशी वाटणी केली, ती तुम्हीही करा.

‘आवाज’ वाचनालयातून घेणार असाल तर पहिल्या पंधरवड्यात मिळवायचा प्रयत्न करा. मधुकर पाटकरांनी 1951 मध्ये सुरू केलेल्या या अंकाची ओळख म्हणजे त्याच्या खिडक्या, पान उलटलं की चित्राचा अर्थ बदलतो ती कापलेली पानं. इतक्या हातांतून गेल्यावर या खिडक्यांच्या कडा मऊ पडतात, मग फाटतात. आम्हाला मिळाला तेव्हा एका खिडकीला मागून पारदर्शक टेप लावली होती आणि गंमत अर्धी गेली होती. हा एक अंक आम्ही पुढेही विकतच घेणार. भविष्याच्या पानांचंही तसंच. मी आणलेल्या जवळपास प्रत्येक अंकात वार्षिक राशिभविष्याची पानं सगळ्यांत जास्त हाताळलेली होती, एकातून तर ती कुणी फाडूनच नेली होती. सार्वजनिक वस्तूचं असं करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

पण वापरलेल्या अंकाची एक बाजू मला फार आवडली. अनुक्रमणिकेत पेन्सिलीच्या खुणा असतात. कुणी वाचून झालेल्या कथेपुढे बारीक टिंब देतं, कुणी आवडलेल्या लेखापुढे बरोबरची खूण करतं. एका अंकात तीन वेगवेगळ्या हातांच्या खुणा एकाच कथेपुढे होत्या. मी ती कथा आधी वाचली, आणि तिघांचं बरोबर होतं. नियमाप्रमाणे अंकावर लिहू नये, मी लिहितही नाही. तरी आपल्या आधी कुणीतरी हे वाचून गेलं आहे, याचा आधार वाटतो.

मुलांसाठी ही योजना किती उपयोगी? आमच्या अनुभवात मध्यम. बालवाङ्मयाचे अंक कमी असतात आणि सुट्टीतच सगळ्यांना हवे असतात. शाळा सुरू झाल्यावर ते कपाटात पडून राहतात. ज्यांना मिळाले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, बालभारतीचा ‘किशोर’ 1971 पासून निघतो आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहेत. मुलीने सुट्टीत ते बरेच वाचले. छापील अंक लोळत वाचता येतो हे तिचं मत, आणि ते मला मान्य आहे.

तक्रारी आहेत. सगळ्यांत मोठी वेळेची. वाचनालय दुपारी बंद असतं आणि संध्याकाळी लवकर मिटतं. सहा-सव्वासहाच्या लोकलने निघणाऱ्याला धावतच जावं लागतं. नोकरी करणाऱ्यांच्या वतीने आठवड्यातून दोन दिवस तरी नऊपर्यंत उघडं ठेवा, असं मी तिथल्या सूचनावहीत लिहिलं आहे. दुसरी तक्रार यादीची. कोणते अंक आले याची यादी भिंतीवर हाताने लिहिलेली असते, पण कोणता आत आहे आणि कोणता बाहेर हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. व्हॉट्सॲपवर रोजची यादी टाकली तरी कितीतरी हेलपाटे वाचतील. तिसरी, जिना. अंक पहिल्या मजल्यावर, आणि अंकांवर जिवापाड प्रेम करणारे बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे. आप्पा एकदाच वर आले. त्यानंतर त्यांचे अंक मीच आणले.

याचं कारणही दिसतं. काउंटर, नोंदी, शिवण, पावत्या, सगळं दोन माणसं करतात. राज्यात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. त्या अनुदानातच पुस्तकं, वीज आणि पगार बसवायचे. ग्रंथालय कर्मचारी पगारासाठी वर्षानुवर्षं मागण्या करत आलेत. वेळ वाढवा म्हणताना हे लक्षात ठेवावं लागतं, आणि म्हणून वर्गणी थोडी वाढवली तरी माझी हरकत नाही.

आप्पांनी या निमित्ताने एक गोष्ट सांगितली, ती इथे द्यावीशी वाटते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तो 1909 मध्ये, आणि तिथून ही परंपरा धरतात. पण तेव्हा रत्नागिरीचं नगर वाचनालय ऐंशी वर्षांचं झालं होतं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, आणि ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 चं. म्हणजे दिवाळी अंक आला तेव्हा त्याला ठेवायला कपाटं आणि वाचायला माणसं आधीच गोळा झालेली होती. आजही लहान अंकांचे ठरलेले गिऱ्हाईक म्हणजे वाचनालयंच. तो ऊसतोडीवरचा लेख ज्या अंकात होता, त्याच्या प्रती वाचनालयांनी घेतल्या नाहीत तर पुढच्या दिवाळीला तो निघेल की नाही, मला खात्री नाही. आपण भरलेली वर्गणी तिथवर पोचते.

योजना कुणाला मानवणार नाही तेही सांगते. ज्यांना ठरावीक दोनच अंक हवेत आणि तेही पाडव्याच्या सकाळी फराळाबरोबर, त्यांनी विकतच घ्यावेत. संग्रह करणाऱ्यांनीही. ज्यांच्या घरात तीन-चार वाचणारे आहेत, ज्यांना नोव्हेंबरात नाही तर जानेवारीत वाचलं तरी चालतं, त्यांच्यासाठी याहून चांगला सौदा मला माहीत नाही. खरी मजा डिसेंबरनंतरच येते. गर्दी ओसरते, ‘मौज’ आणि ‘दीपावली’ फळीवर निवांत मिळतात, ताईंना बोलायला वेळ असतो आणि एका अंकाला पुरेसे दिवस देता येतात.

अनामत परत न घेता आम्ही ती नेहमीच्या सभासदत्वात वळवून घेतली. अशी सोय असते, काउंटरवर विचारा. पुढच्या वर्षी योजना घ्यायची असेल तर नवरात्रातच चौकशी करा. आमच्याकडे जागा मर्यादित होत्या आणि धनत्रयोदशीपर्यंत भरूनही गेल्या होत्या. आणि पहिल्याच दिवशी हवा तो अंक नाही मिळाला, तर रिकाम्या हाताने परतू नका. काउंटरवर असेल त्यांना विचारा, तुम्ही यंदा काय वाचलंत?